विजयाचा लेख आणि ओसाड शेत

आज आपण प्राचीन काळातल्या लढायांबद्दल बोलणार आहोत. पण कोण कधी जिंकला याची यादी वाचून दाखवायचा आमचा विचार नाही. ती यादी पाठ्यपुस्तकात आहे. आम्हाला बोलायचं आहे ते या लढाया आपल्यापर्यंत ज्या लिखाणातून पोचतात त्या लिखाणाबद्दल. राजाने कुणाला बुडवलं, किती देश घेतले, त्याचे घोडे कुठवर गेले, हे आपल्याला बहुतेक वेळा एकाच वाङ्मयप्रकारातून कळतं. त्याला प्रशस्ती म्हणतात. प्रशस्ती दगडावर कोरलेली असते, म्हणून आपण तिला पुरावा म्हणतो. ती पुरावा आहेच. पण ती कुणीतरी रचलेलीही आहे. तिला रचणारा आहे, रचून घेणारा आहे आणि समोर ऐकणाराही आहे. म्हणजे कवितेला किंवा पोवाड्याला आपण जसे प्रश्न विचारतो, तसे तिलाही विचारले पाहिजेत.

महाराष्ट्रातली सगळ्यांत गाजलेली प्रशस्ती नाशिकच्या पांडवलेण्यांत आहे, तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात. भाषा प्राकृत. काळ सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या राज्याचं एकोणिसावं वर्ष. लेख कोरून घेतला त्याच्या आजीने, गौतमी बलश्रीने. ते लेणं तिने भिक्षूंना दान दिलं, आणि दानाच्या निमित्ताने आपल्या दिवंगत मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं, वर्णन करवून घेतलं. आपण ज्याला सातवाहनांचा थोर विजेता म्हणून ओळखतो, त्याची ओळख मुख्यतः या लेखातून आलेली आहे. एका आईने मुलाच्या माघारी लिहवून घेतलेला हा मजकूर आहे, हे सुरुवातीलाच लक्षात ठेवू या.

रचना म्हणून हा लेख जोरकस आहे, यात शंका नाही. लांबच लांब समास एकावर एक येत राहतात. आधी देशांची नावं येतात : अश्मक, मूलक, सुराष्ट्र, कुकुर, अपरान्त, अनूप, विदर्भ, आकरावन्ती. मग पर्वतांची : विंध्य, पारियात्र, सह्य, मलय, महेंद्र. त्याचे घोडे तीन समुद्रांचं पाणी प्यायले असं सांगितलं आहे. शक, यवन, पह्लव यांचा त्याने नाश केला, क्षहरातांचा वंश तर निरवशेष केला, सातवाहन कुळाचं यश पुन्हा स्थापन केलं. आणि याच दमात असंही सांगितलं आहे, की अपराध केलेल्या शत्रूचाही जीव घेणं त्याला आवडत नसे. की तो कर धर्माप्रमाणे घेई. की नगरजनांच्या सुखदुःखात तो सारखाच सहभागी असे. आणि आईच्या सेवेत त्याने कधी खंड पडू दिला नाही.

आता बघा, इथे वाचणाऱ्याने थांबायला हवं. एक अख्खा वंश निरवशेष करणारा माणूस आणि अपराधी शत्रूचाही जीव न घेणारा माणूस, हे दोघे एकाच लेखात शेजारी उभे आहेत. लेख रचणाऱ्याला यात विसंगती वाटली नाही, कारण त्याच्यासमोर माणूस नव्हता. राजा कसा असावा याचा साचा होता. साच्यात पराक्रम हवा आणि दयाही हवी. दोन्ही भरली, काम झालं. आमची तक्रार त्या रचनाकाराबद्दल नाही. तक्रार आहे ती आपल्या वाचनाबद्दल. आपण त्यातला पराक्रम इतिहास म्हणून उचलतो आणि दया अलंकार म्हणून सोडून देतो. का? दोन्ही एकाच छिन्नीने कोरलेलं आहे.

मग करायचं काय? प्रशस्तीच्या शेजारी दुसऱ्या जातीचा कागद ठेवायचा. कागद म्हणजे इथे दगड किंवा धातू. असे तीन पुरावे आपण पाहू.

पहिला पुरावा नाण्यांचा. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी इथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. १३,००० हून अधिक नाणी, सगळी क्षहरात क्षत्रप नहपानाची. त्यांतल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला शिक्का पुन्हा उठवलेला आहे : एका बाजूला कमानींचा डोंगर, दुसऱ्या बाजूला उज्जैनी चिन्ह. नहपान हरला, याचा याहून चांगला पुरावा नाही. पण ती नाणी जवळून पाहा. नवा शिक्का पडला तरी जुना चेहरा पुरता गेलेला नाही. डोंगराच्या कमानींखालून नहपानाचं नाक, हनुवटी, कडेच्या ग्रीक अक्षरांचे तुकडे दिसत राहतात. ती चांदी वितळवली नाही. वितळवायला वेळ लागतो, सरपण लागतं, माणसं लागतात. आणि बाजार तेवढं थांबत नाही. बाजाराला वजनाशी मतलब. लेख म्हणतो निरवशेष, आणि राजाच्या स्वतःच्या टांकसाळीतून निघालेल्या नाण्यावर शत्रूचा अवशेष आहे.

दुसरा पुरावा त्याच डोंगरावर, चार पावलांवर. दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. त्यातही बढाई आहेच. आपण चाल करून गेलो तेव्हा नुसत्या गर्जनेने मालव पळाले, असं तो सांगतो. पण त्याच लेण्यात एक व्यवहाराचा लेख आहे. त्यात ३,००० कार्षापणांची ठेव आहे : २,००० गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, आणि १,००० दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजातून भिक्षूंना चीवर मिळावं. आपल्याकडच्या कुठल्याही पतसंस्थेच्या चेअरमनला हे समजावून सांगायला नको. क्षहरात गेले, पण हा लेख कुणी छिन्नीने खरवडला नाही. जिंकणाऱ्याच्या डोळ्यांदेखत तो राहिला, आजही आहे.

आता प्रशस्ती आहे त्याच तिसऱ्या लेण्यात परत या. तिथे गौतमीपुत्राचे स्वतःचे दोन हुकूम कोरलेले आहेत. पहिला त्याच्या राज्याच्या अठराव्या वर्षाचा, विजयी सैन्याच्या छावणीतून निघालेला. गोवर्धनचा अमात्य विष्णुपालित याला तो कळवतो, की अपरकखडी गावात आजवर उषवदाताच्या भोगवट्यात असलेलं २०० निवर्तनं शेत आम्ही त्रिरश्मी डोंगरावरच्या भिक्षूंना देत आहोत. त्या शेतात राजाच्या माणसांनी शिरू नये, कुणी हात लावू नये, मिठासाठी जमीन खणू नये. म्हणजे लढाई संपते न संपते तोच सातबाऱ्यावरचं नाव बदललं. शत्रूच्या जावयाची जमीन भिक्षूंना दिली. यात धर्म आहे आणि हिशोबही आहे. भिक्षूंना कळायला हवं, की देणारा आता दुसरा आहे.

दुसरा हुकूम चोविसाव्या वर्षाचा. आता गोवर्धनला अमात्य श्यामक आहे. हुकूम राजाच्या नावाने आहे आणि राजमातेच्याही नावाने, जिचा मुलगा हयात आहे असं मुद्दाम म्हटलेलं आहे. श्यामकाला आधी आरोग्य विचारावं आणि मग सांगावं, अशी पत्राची रीत आहे. सांगायचं काय? की कखडी गावात आम्ही पूर्वी भिक्षूंना शेत दिलं होतं. ते शेत कसलं जात नाही, आणि ते गावही वसलेलं नाही. असं असल्यामुळे नगराच्या शिवेवरच्या आमच्या राजकीय शेतातून १०० निवर्तनं त्यांना द्यावीत.

मंडळी, आमच्या मते संबंध सातवाहन काळातला हा सगळ्यांत मोलाचा मजकूर आहे. त्यात एकही विशेषण नाही. सहा वर्षांपूर्वी जे शेत शत्रूचा जावई उपभोगत होता, ते आता पडीक आहे. जे गाव होतं, ते उठलं आहे. का उठलं, हे हुकूम सांगत नाही. रोगराई असेल, पाणी आटलं असेल, कुळं जुन्या धन्याबरोबर गेली असतील, सैन्याच्या येण्याजाण्याने गाव मोडलं असेल. कारण आपण त्यात कोंबू नये. पण क्रम मात्र दगडावर आहे : विजय, मग दान, मग ओसाड शेत. आणि भरपाई देताना २०० च्या जागी १०० निवर्तनं झाली, हेही दगडावर आहे.

आणखी एक गोष्ट. त्या दुसऱ्या हुकमावर जिच्या नावाची मोहोर आहे ती राजमाता, आणि पुढे नातवाच्या काळात प्रशस्ती कोरवणारी बलश्री, या दोघी एकच आहेत असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. म्हणजे गाव उठल्याची बातमी जिच्या कानावर होती, तिनेच नंतर तीन समुद्र आणि सगळे पर्वत मोजून दाखवले. यात तिला खोटं ठरवायचं कारण नाही. हुकूम राज्य चालवण्यासाठी होता आणि प्रशस्ती मुलगा आठवण्यासाठी. दोन्ही लिखाणांची कामं वेगळी आहेत. आपण त्यांतलं एकच वाचलं, आणि शाळेत मुलांना तेवढंच सांगितलं.

तिसरा पुरावा म्हणजे समोरच्या बाजूची प्रशस्ती. गुजरातेत जुनागढला महाक्षत्रप रुद्रदामन याचा लेख आहे, शक ७२ चा, म्हणजे इसवी सन १५० च्या सुमाराचा. निमित्त सुदर्शन तलावाच्या बांधाच्या दुरुस्तीचं. वादळात बांध फुटला, तो प्रजेवर जादा कर न लावता आणि वेठबिगार न घेता बांधून काढला, असं तो सांगतो. आणि त्याच्या देशांच्या यादीत कोण आहे? आकरावन्ती, अनूप, सुराष्ट्र, कुकुर, अपरान्त. नाशिकच्या यादीतलीच नावं! पुढे तो म्हणतो, की दक्षिणापथाचा स्वामी सातकर्णी याला आपण दोनदा उघडउघड जिंकलं, पण जवळचा नातलग म्हणून नष्ट केलं नाही. नातं कसलं, ते कान्हेरीच्या एका लेखावरून उमगतं : सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र सातकर्णी याची राणी कार्दमक कुळातली, एका महाक्षत्रपाची मुलगी होती. एका लेखात शकांचा नाश, आणि फार काळ लोटत नाही तोच शकांची मुलगी घरात सून. याला आम्ही अधःपतन म्हणणार नाही. राज्यं अशीच चालतात. फक्त प्रशस्ती व्याह्यांची नोंद ठेवत नाही, शत्रूंची ठेवते.

आणि आपल्या भिंतीवरचं पंचांग काढून पाहा. पाडव्याला गुढी उभारताना आपण शालिवाहन शक म्हणतो, आणि शालिवाहनाने शकांना हरवलं त्याची ही आठवण, असंही सांगतो. पण इसवी सन ७८ पासून मोजली जाणारी ही कालगणना रुद्रदामनासारख्या क्षत्रपांच्याच लेखांत वापरली गेली. पुढे बदामीच्या चालुक्यांनी तीच घेतली. दुसऱ्या पुलकेशीच्या ऐहोळेच्या प्रशस्तीत शक राजांची ५५६ वर्षं मोजली आहेत, म्हणजे इसवी सन ६३४. शालिवाहनाचं नाव या गणनेला जोडलं गेलं ते बऱ्याच शतकांनंतर. म्हणजे जे निरवशेष झाले म्हणून आपण ऐकतो, त्यांचा अवशेष आपण दर वर्षी गोडधोड करून साजरा करतो. आम्हाला यात हसण्यासारखं काही दिसत नाही. उलट पराभूतांच्या हातून किती गोष्टी आपल्याकडे येतात, त्याचं हे घरातलं उदाहरण आहे.

हे काही आपल्याच देशाचं वैशिष्ट्य नाही. इजिप्तचा दुसरा रामसेस कादेशच्या लढाईत हित्ती राजाशी भिडला, इसवी सनापूर्वी १२७४ च्या सुमाराला. देवळांच्या भिंतींवर तो एकटा रथात बसून शत्रूला लोळवतो आहे. पण सुमारे पंधरा वर्षांनी दोघांत तह झाला, त्याच्या दोन्ही बाजूंच्या प्रती आज उपलब्ध आहेत, आणि त्या वाचल्या तर बरोबरीच्या दोन राजांनी हात मिळवलेले दिसतात. आपल्याकडे अशोकाने याच्या उलट केलं. तेराव्या शिलालेखात त्याने कलिंगच्या युद्धाचा आकडा स्वतः सांगितला : दीड लाख माणसं पकडून नेली, एक लाख मारली गेली, त्याच्या कितीतरी पट मेली. जिंकणाऱ्याने स्वतःच्या हाताने मांडलेला असा हिशोब जगात विरळा. पण तो लेख धौली आणि जौगड इथे, म्हणजे खुद्द कलिंगात, कोरलेला नाही. तिथे त्याच्या जागी वेगळे लेख आहेत. पश्चात्तापही कुठे वाचला जाणार हे बघून कोरला जातो. समीक्षकाने विचारायचा प्रश्न हाच असतो : हे कुणासमोर म्हटलं आहे?

आता आपल्या गावाकडे येऊ. नाशिकला प्रशस्ती आहे, कोल्हापूरला काय आहे? त्याच काळात पंचगंगेच्या काठावर ब्रह्मपुरीला चांगलं नांदतं गाव होतं. १९४५–४६ साली डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तिथे उत्खनन केलं, तेव्हा सातवाहनकाळातली भाजक्या विटांची घरं उजेडात आली. ब्रह्मपुरीला मिळालेली पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची, वीतभर कांस्यमूर्ती टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. समुद्र इथून सह्याद्रीपलीकडे, तरी समुद्राचा देव घाट चढून आला. त्याला इथे कुठल्या सैन्याने आणलं नाही. व्यापाऱ्याने आणलं.

आणि इथे राज्य कोण करत होतं? कोल्हापूरच्या नाण्यांवर तीन नावं मिळतात : वासिष्ठीपुत्र विळिवायकुर, माठरीपुत्र शिवलकुर, गौतमीपुत्र विळिवायकुर. शिसं आणि मिश्रधातूची नाणी, एका बाजूला झाडासह कमानींचा डोंगर, दुसऱ्या बाजूला बाण लावलेलं धनुष्य. नाशिकसारखीच आईच्या गोत्राची ओळख इथेही नावात आहे. या राजांची प्रशस्ती नाही. त्यांनी काय जिंकलं, त्यांचे घोडे कुठलं पाणी प्यायले, कुणी लिहिलं नाही. मग त्यांचा क्रम कसा कळला? पुन्हा त्याच उपायाने. शिवलकुराने पहिल्या विळिवायकुराच्या नाण्यांवर आपला शिक्का मारला आहे, आणि दुसऱ्या विळिवायकुराने या दोघांच्याही नाण्यांवर. कोणावर कोण बसला, यावरून कोणामागून कोण आला ते समजलं. ते बापलेक होते, भाऊबंद होते की वैरी, हे नाणं सांगत नाही.

इथे अभ्यासकांनी काय केलं ते पाहण्यासारखं आहे. नावात गौतमीपुत्र दिसलं, की हा नाशिकचाच गौतमीपुत्र असावा, असा तर्क झाला. रा. गो. भांडारकरांसारख्या थोर पंडितांनी या कुर मंडळींना सातवाहनांचे प्रांताधिकारी मानलं. नंतरच्या अभ्यासकांनी ते स्वतंत्र राजे असावेत असं मांडलं. तो वाद आज आम्ही सोडवायला बसलेलो नाही. पण त्या तर्कामागची सवय ओळखा : ज्याची प्रशस्ती आहे तो मोठा, आणि ज्याची नाही तो त्याचा चाकर असणार. दुसऱ्या शतकातला अलेक्झांड्रियाचा टॉलेमी या फंदात पडलेला दिसत नाही. तो उज्जैनला तियास्तनेस, पैठणला सिरोपोलेमाइओस आणि हिप्पोकुरा या गावी बालेओकुरोस अशा राजांची आसनं सांगतो. म्हणजे चष्टन, पुळुमावी आणि विळिवायकुर, असं अभ्यासक ओळखतात. हिप्पोकुरा कुठलं, यावर एकमत नाही. पण दूरच्या त्या माणसाने तिघांना सारख्याच पंगतीला बसवलं, कारण त्याच्यासमोर कुणाचीच प्रशस्ती वाचली गेली नव्हती.

कुणी म्हणेल, हे सगळं सांगून फायदा काय? दोन हजार वर्षांपूर्वी कोण हरलं याने आज काय बिघडतं? बिघडतं ते असं. आज व्यासपीठावरून सर्रास ऐकू येतं, की आपण शकांना हाकललं, आपण यवनांना बुडवलं. या वाक्यातला 'आपण' कोण? कोल्हापुरात बसून बोलत असाल, तर त्या काळी तुमचा राजा विळिवायकुर होता, आणि तो त्या लढाईत कुठल्या बाजूला होता हे कुठल्याच लेखात नाही. अपरकखडीच्या शेतकऱ्याला विचाराल, तर त्याच्यासाठी दोन्ही बाजू मालकच होत्या. एक उठला, दुसरा आला आणि मधल्या मधे गाव गेलं. प्रशस्ती आपल्याला विजेत्याच्या घोड्यावर बसवते. तिथे बसलं की छान वाटतं, यात नवल नाही. पण आपल्यातल्या बहुतेकांचे पूर्वज घोड्यावर नव्हते. ते शेतात होते, मागावर होते, कर मोजून देत होते.

म्हणून प्रशस्ती फेकून द्या, असं आम्ही म्हणत नाही. तिच्यात लोकांच्या अपेक्षाही उमटलेल्या आहेत. कर धर्माने घ्यावा, वेठबिगार नसावी, शत्रूचाही जीव घेऊ नये, हे राजाच्या तोंडावर म्हणावंसं वाटलं, याचा अर्थ ते न करणारे राजे लोकांनी पाहिले होते. ती वाचा, मोठ्याने वाचा, तिच्या भाषेचा आनंद घ्या. फक्त तिच्याबरोबर त्याच भिंतीवरचा चोविसाव्या वर्षाचा हुकूमही वाचा. मुलांना नाशिकला सहलीला न्याल तेव्हा तीन समुद्र सांगा आणि १०० निवर्तनांचं शेतही सांगा. आणि कोल्हापुरातल्या मुलांना विळिवायकुर हे नाव एकदा तरी फळ्यावर लिहून दाखवा. त्याची बढाई मारणारं कुणी उरलं नाही, एवढ्या एका कारणाने तो आपल्या गावातून पुसला जाऊ नये.

आता प्रश्न असतील तर जरूर विचारा.